भाड्यासाठी घर : द. सा. द. शे. किती?

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांचे ऋण व्यक्त व्हावे, हे योग्यच आहे. परंतु सभासदांच्या संसारास उपयोगी पडेल असेही काही तीत असावे, या हेतूने आम्ही हा थोडासा रुक्ष विषय निवडला आहे. आपल्या मंडळींत नोकरदार वर्ग मोठा. निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम हाती पडते, ती आयुष्यात एकदाच येते. त्या वेळी आप्तेष्टांकडून हमखास मिळणारा सल्ला असा की, ‘एक फ्लॅट घेऊन टाका, भाडेही येईल आणि किंमतही वाढेल.’ हा सल्ला कधी खरा ठरतो, कधी खोटा. तो केव्हा खरा ठरेल, हे आधी ताडून पाहण्याची रीत काय, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत. राहण्यासाठी घेतलेल्या घराला हा हिशेब लागू नाही. ते सुखाचे साधन आहे. भाड्यासाठी घेतलेले घर हे मात्र भांडवल आहे, आणि भांडवलास व्याज विचारावेच लागते.

किंमत आणि भाडे यांतील भेद

घराची किंमत व घराचे भाडे या दोन गोष्टी एकाच झाडाच्या फांद्या वाटतात. पण त्यांचा स्वभाव भिन्न आहे. भाडेकरू आजची सोय पाहतो. पाणी किती वेळ येते, कचेरी किती दूर आहे, मुलांची शाळा, बाजार, बस कोठे आहे, याचाच तो विचार करतो आणि तेवढ्याचेच पैसे देतो. दहा वर्षांनी येथून मोठा रस्ता जाणार आहे, या आशेपोटी कोणी भाडेकरू आज शंभर रुपये जास्त देत नाही. विकत घेणारा मात्र देतो. म्हणून असे म्हणावे की, भाडे म्हणजे आजची सोय, आणि किंमत म्हणजे आजची सोय अधिक उद्याची आशा. घराची किंमत भाड्याच्या मानाने जितकी फुगलेली, तितकी आपण आशा अधिक विकत घेत आहोत, असे समजावे.

ही आशा मोजण्याची रीत सोपी आहे. घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागावे. भागाकार वीस आला तर भाडे शेकडा पाच पडले. पंचवीस आला तर शेकडा चार. चाळीस आला तर शेकडा अडीच. शाळेत आपण ‘द. सा. द. शे.’ची उदाहरणे सोडविली, तीच ही. दोन घरांची तुलना करताना हा भागाकार प्रथम काढावा. एकाच वस्तीतील दोन घरांत तो तीस आणि चाळीस असा निघाला, तर दुसऱ्या घरात इतकी अधिक आशा कशाची, हे विकणाऱ्यास विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

ढोबळ उत्पन्न आणि निव्वळ उत्पन्न

परंतु हा भागाकार ढोबळ आहे. हाती काय राहते हे पाहावयाचे तर हिशेब पुरा करावा लागतो. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ; आकडे केवळ रीत समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाने आपल्या वस्तीचे आकडे घालून पाहावेत.

समजा, फ्लॅटची किंमत ५० लाख रुपये आहे. मध्य प्रदेशात शहरी मालमत्तेच्या रजिस्ट्रीचा एकूण खर्च शेकडा दहाच्या पुढे जातो. स्त्रीच्या नावावर घेतल्यास काही सवलत मिळते. रजिस्ट्री, वकील व दलाली यांचे साडेपाच लाख आणि स्वयंपाकघराचे ओटे-कपाटे, पंखे, रंग यांचे दीड लाख धरले, तर आपले भांडवल ५७ लाख झाले. भागाकार करताना पुष्कळ लोक ५० लाखच धरतात. पण खिशातून गेले ते ५७ लाख.

भाडे महिना १४ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. ढोबळ हिशेबाने हे शेकडा ३.३६ दिसते. आता वजाबाकी पाहा. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले : १४ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, मालकाने भरावयाचा : १८ हजार. महानगरपालिकेचा मालमत्ता कर : ६ हजार. रंग, नळ, गळती यांची सरासरी : १२ हजार. दलालाचे, दोन वर्षांतून एकदा एक महिन्याचे भाडे, म्हणजे वर्षाला ७ हजार. एकूण ५७ हजार. हाती उरले १ लाख ११ हजार. ५७ लाखांवर हे शेकडा दोनही पडत नाहीत.

तेच ५७ लाख बँकेच्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला ३ लाख ७० हजार ५०० रुपये आले असते. म्हणजे घर घेणारा गृहस्थ दरसाल सुमारे २ लाख ६० हजार रुपये सोडून देत आहे. कशासाठी? तर किंमत वाढेल या आशेसाठी. आशा बाळगणे वाईट नाही. पण तिची वर्षाची किंमत किती, हे ठाऊक असलेच पाहिजे. दरसाल भाडे पाच टक्क्यांनी वाढत गेले असे धरले, तरीही दहा वर्षांनी केवळ मुदत ठेवीच्या बरोबरीस येण्यासाठी या घराची किंमत साडेअठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास गेली पाहिजे. म्हणजे किंमत सलग दहा वर्षे दरसाल सुमारे सहा टक्क्यांनी वाढली पाहिजे. त्याहून अधिक वाढली तर लाभ, कमी वाढली तर तोटा. घर घेण्यापूर्वी स्वतःस विचारावयाचा प्रश्न हाच : या वस्तीत अशी वाढ होईल असे मानण्यास मजजवळ कारण काय?

दुसरी बाजूही सांगणे न्याय्य होय. ठेवीचे व्याज पूर्णपणे करपात्र असते, तर भाड्यातून महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात शेकडा तीस प्रमाण-वजावट मिळते. महागाई वाढली की भाडेही हळूहळू वाढते. ठेवीची मुद्दल मात्र तेवढीच राहते. ठेवीचे दरही कायम राहत नाहीत. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत बारा टक्के व्याज मिळे. एप्रिल २०२० मध्ये तो दर ७.१ वर आला. म्हणून घर नेहमीच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. न मोजता घेतलेले घर वाईट, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कर्ज काढून भाड्याचे घर

येथे एक सावधगिरीची सूचना. वरील फ्लॅटसाठी ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या मुदतीने काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४ हजार ७०० येतो. निव्वळ भाडे महिन्याला ९,२५० पडते. उरलेले पंचवीस हजारांहून अधिक दरमहा पगारातून घालावे लागतात. साडेआठ टक्क्यांनी आणलेला पैसा दोन टक्क्यांनी लावणे हा व्यापार केवळ आशेच्या बळावर चालतो. करात सूट मिळते म्हणून हे करावे असे पुष्कळदा सांगतात. पण जुन्या कररचनेत घराचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वजा होतो, आणि नव्या कररचनेत तर तो पगाराच्या उत्पन्नातून वजाच होत नाही. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधलेली असतात. तो दर मे २०२० मध्ये चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला, आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली आला. स्वस्ताईच्या काळात घेतलेले कर्ज स्वस्तच राहील, असे धरून चालू नये.

भोपाळात भाडेकरू कोण?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सचिवालयाबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहू लागला. माणसे आली आणि घरे नव्हती. सरकारने क्वार्टरे बांधली. १२५०, ४५ बंगले, ७४ बंगले अशी वस्त्यांची नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. भेलने आपली स्वतंत्र वसाहत वसविली. या इतिहासाचा आजच्या हिशेबाशी निकटचा संबंध आहे. अन्य शहरांत जो भाडेकरू सर्वांत खात्रीचा मानला जातो, तो कायम नोकरीचा अधिकारी, येथे पुष्कळदा सरकारी वा कारखान्याच्या क्वार्टरात राहतो. आपल्या फ्लॅटचा भाडेकरू तो नव्हे.

मग तो कोण? एम. पी. नगरच्या शिकवणी-वर्गांचा विद्यार्थी, एम्सची परिचारिका वा निवासी डॉक्टर, खासगी कंपनीतील तरुण, आणि लहान गावांहून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले कुटुंब. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. विद्यार्थी भाडे बरे देतात, पण घर दरवर्षी रिकामे होते आणि झीजही अधिक. इंद्रपुरी, सोनागिरी या बाजूस अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे खोल्यांना मागणी आली. पुढे राज्यातील अनेक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या आणि काही बंदही पडली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या खोल्या एका आठवड्यात ओस पडल्या. एकाच प्रकारच्या भाडेकरूवर अवलंबून असलेली वस्ती अशी एकदम रिकामी होऊ शकते. एम्स २०१२ पासून चालू आहे. रुग्णालय बंद पडत नाही, म्हणून त्याच्या आसपासची मागणी अधिक स्थिर असते. अशी कारणे शोधावीत.

भाडे खरोखर किती मिळते हे विकणाऱ्यास वा दलालास विचारू नये. त्याच इमारतीतील दोन-तीन भाडेकरूंस विचारावे. आणि आठवड्यातील एखाद्या दिवशी रात्री आठ वाजता इमारतीसमोर उभे राहून किती घरांत दिवे आहेत ते मोजावे. निम्म्या खिडक्या काळोख्या असतील, तर तेथे घरे विकली गेली आहेत, पण राहावयास माणसे आलेली नाहीत, असे समजावे. भाड्याचा खरा पंचनामा त्या खिडक्याच करतात.

येथे एका दुर्लक्षित मार्गाचाही उल्लेख करतो. अरेरा कॉलनी, साकेतनगर यांसारख्या वस्त्यांतून आपल्या काही कुटुंबांची स्वतःच्या भूखंडावरची घरे आहेत. पाया मजबूत असेल आणि महानगरपालिकेची परवानगी मिळत असेल, तर वर एक मजला चढविण्यास, समजा, १४ लाख लागले आणि भाडे महिना ८ हजार आले, तर खर्च वजा जाता वर्षाला ८० हजार उरतात. म्हणजे शेकडा पाच-सहा. जमीन पुन्हा विकत घ्यावी लागत नाही, रजिस्ट्री नाही, आणि भाडेकरू डोळ्यांसमोर. वृद्ध जोडप्यास सोबतही होते. नवा फ्लॅट शोधण्यापूर्वी आपल्या गच्चीकडे एकदा पाहावे.

योग्य वेळ कोणती?

‘आता घ्यावे की थांबावे?’ हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये घरांच्या किमतींचा ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक सुरू केला, तेव्हा प्रारंभीच्या पाच शहरांत दिल्ली, मुंबई, कोलकाता व बंगळूर यांच्या पंक्तीस भोपाळही होते. त्या निर्देशांकातून एक धडा स्पष्ट मिळाला : देशाची म्हणून घरांची एक किंमत नसते. इतर बहुतेक शहरे वर चढत असता हैदराबादचा आकडा तेलंगण आंदोलनाच्या काळात, २०१३ पर्यंतही, २००७ च्या पातळीखालीच होता. ज्यांना त्या वर्षांत पैशाची निकड लागली, त्यांनी तोट्यात विकले. जे थांबू शकले, त्यांना पुढे चांगले दिवस दिसले. जपानात १९९१ नंतर जमिनीच्या किमती दीर्घकाळ उतरत राहिल्या. अमेरिकेत २००६ नंतर घरांच्या किमती कोसळून जगभर मंदी आली. जमिनीची किंमत कधी उतरत नाही, हे वाक्य आपल्याकडे म्हणीसारखे वापरले जाते. पण ती म्हण नव्हे, ती इच्छा आहे.

वेळेविषयी दुसरी फसवणूक होते ती घोषणांमुळे. भोपाळ मेट्रोची कोनशिला सप्टेंबर २०१९ मध्ये बसली. पहिली चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, आणि सुभाषनगर ते एम्स या पहिल्या टप्प्यावर प्रवासी चढले ते डिसेंबर २०२५ मध्ये. कोनशिलेच्या दिवशी ज्याने मार्गालगत घर घेतले, त्याने सहा वर्षे त्या आशेचे व्याज भरले. स्मार्ट सिटीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिची जागा प्रथम शिवाजीनगर-तुलसीनगर ठरली होती. तेथील झाडे वाचविण्यासाठी नागरिक उभे राहिले आणि २०१६ मध्ये योजना टी. टी. नगरास गेली. नागरिकांनी झाडे वाचविली हे उत्तमच झाले. पण घोषणेच्या भरवशावर जागा घेणाऱ्याचा हिशेब चुकलाच. नकाशावरच्या रेषेला भाडेकरू मिळत नाही. रस्ता झाला, पाणी आले, दिवे लागले की मग घेणारा थोडे अधिक देतो, हे खरे. पण तो फुकटची धास्ती विकत घेत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. मुंबईत गिरगाव-दादरच्या चाळी ज्यांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधल्या, त्यांनी त्या काळी शहाणपणाचीच गुंतवणूक केली होती. पण १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले, आणि ते दशकानुदशके जवळजवळ तेथेच गोठले. भाडे गोठले, पण डागडुजीचा खर्च वाढत राहिला. नागपुरात १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशाखालील वाडे ज्यांच्या घराण्यात आहेत, त्यांस ही कहाणी सांगावयास नको. महाराष्ट्राचा एकत्रित कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. भाडेकरूस संरक्षण हवेच. पण भाडे वाढणे आणि घर परत मिळणे या दोन गोष्टी करारावर व कायद्यावर अवलंबून आहेत, हे मालकाने विसरू नये. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी लागते, म्हणून अकरा महिन्यांचा करार रूढ झाला. तो दरवर्षी नवा करावा, वाढ त्यात लिहावी, आणि भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी.

खरेदीपूर्वीची कागदपत्रे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. थोडक्यात एवढेच की, प्रकल्पाची रेरा नोंदणी, नगर तथा ग्राम निवेशची मंजुरी, जमिनीचे डायव्हर्शन आणि नामांतरण ही चार पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. अवैध कॉलनीतील स्वस्त प्लॉटवर भागाकार फार सुंदर येतो. पण तेथे धोक्यात असते ती मुद्दलच.

सारांश

बाजाराची वेळ कोणास निश्चित साधत नाही; स्वतःची वेळ मात्र प्रत्येकास साधता येते. ती अशी : दोन वर्षांचा घरखर्च आणि आजारपणाची तरतूद वेगळी ठेवलेली आहे, घरात घालावयाच्या पैशाची दहा वर्षे गरज पडणार नाही, निव्वळ भाड्याचा दर काढलेला आहे, आणि उरलेल्या आशेस कागदावर लिहून दाखविता येईल असे कारण आहे. या चार गोष्टी जुळल्या, तर वर्ष कोणतेही असो, वेळ योग्य आहे. त्यांतील पहिली जरी नसली, तर भाव कितीही आकर्षक असो, थांबावे.

आम्ही हे इतक्या आग्रहाने लिहितो याचे कारण आकडेमोडीपलीकडचे आहे. मुले पुण्यास, बंगळुरास वा परदेशी गेलेली, गृहस्थ निवर्तलेले, आणि मागे राहिलेल्या वृद्धेच्या नावे दोन-दोन घरे. पण शस्त्रक्रियेसाठी हाती पैसा नाही, अशी कुटुंबे आपल्याच समाजात आहेत. घराची एक खोली विकून रुग्णालयाचे बिल भरता येत नाही. घाईने विकावयास निघालेल्या घरास गरजवंताचा भाव मिळतो. म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये घालू नये. आणि जो हिशेब करावयाचा तो नवरा-बायकोने एकत्र बसून, एका कागदावर करावा. रजिस्ट्री कोठे आहे, करार कोणाशी आहे, अनामत किती घेतली आहे, कर कधी भरावयाचा, हे दोघांसही ठाऊक असावे. नामांकन व मृत्युपत्र करून ठेवावे. भाड्याच्या घराने म्हातारपणी आधार द्यावा, ओझे होऊ नये, एवढीच आमची सभासद बंधुभगिनींस कळकळीची विनंती आहे.